आकडा कुणाचा? थायरॉइड ओपीडीच्या रोजनिशीतील पाने

सोलापूर, सोमवार, १० जून २०२४

आज लागोपाठ दोन गरोदर मुली तपासल्या. एकीचा टीएसएच ३.४, दुसरीचा ३.५. दोघींना आठवा-नववा आठवडा. दोघींच्याही रिपोर्टवर तो आकडा ठळक छापलेला, आणि खाली बारीक अक्षरांत ओळ: ‘पहिल्या तिमाहीत २.५ पर्यंत’. या ओळीमुळेच दोघी माझ्यापर्यंत आल्या.

पहिली बार्शीकडची. पहिलीच खेप. घरात कुणाला थायरॉइड नाही, गळ्याला गाठ नाही, थायरॉइडविरोधी अँटिबॉडीची तपासणी निगेटिव्ह. तिला गोळी दिली नाही. चार आठवड्यांनी टीएसएच परत करायला सांगितला. सासूबाईंना हे पटलं नाही. “म्याडम, एवढ्या लांबनं आलो आणि गोळीच नाही?” त्यांची समजूत घालण्यात जेवढा वेळ गेला, तेवढ्यात तीन चिठ्ठ्या लिहून झाल्या असत्या.

दुसरी मोहोळची. मागच्या वर्षी दुसऱ्या महिन्यात गर्भ पडलेला. आईला थायरॉइडची गोळी चालू. हिची टीपीओ अँटिबॉडी पॉझिटिव्ह, तीही चांगली चढी. तिला थायरॉक्सिनची २५ मायक्रोग्रॅमची गोळी लिहिली.

संध्याकाळी मोहोळच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्या कानावर दोन्ही गोष्टी गेल्या होत्या. त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता: “आकडा तोच, मग नियम दोन कसे?”

नियम खरोखरच दोन आहेत. २०११ साली अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने पहिल्या तिमाहीसाठी २.५ आणि पुढे ३ ही मर्यादा धरली. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०१४ची मार्गदर्शक तत्त्वं त्याच आकड्यांवर उभी आहेत: त्याच्या वर आणि १० पर्यंत असेल तर २५ मायक्रोग्रॅम, १०च्या वर असेल तर ५०. मग देशोदेशींच्या निरोगी गरोदर बायकांची मापं येत गेली आणि २.५ ही रेघ फारच खाली ओढली गेल्याचं दिसलं. दिल्लीतल्या एका अभ्यासात, जो २००८ मध्येच छापून आला होता, पहिल्या तिमाहीची वरची मर्यादा ५च्या आसपास निघाली होती. २०१७ मध्ये अमेरिकन संस्थेने स्वतःचा नियम बदलला. आता त्यांचं म्हणणं असं, की आपापल्या लोकसंख्येची मर्यादा वापरा, ती हाताशी नसेल तर ४ धरा. अँटिबॉडी असेल तर २.५ ते ४ या पट्ट्यात गोळीचा ‘विचार करता येईल’.

मी डॉक्टरांना एवढंच म्हटलं, की पहिल्या मुलीसाठी २०१७चं वाक्य नेमकं आहे. दुसरीसाठी ते ‘विचार करता येईल’ इथे येऊन थांबतं, आणि तिथून पुढचं मला आणि त्या मुलीलाच ठरवायचं होतं.

गुरुवार, १३ जून

मोहोळच्या मुलीबद्दल आणखी थोडं लिहून ठेवते, कारण ‘विचार’ म्हणजे काय केलं हे केसपेपरवर मावत नाही.

अँटिबॉडी आहे, आधी गर्भ पडलाय, पण थायरॉइड अजून काम नीट करतंय, अशा बायकांना २५ ते ५०ची गोळी देऊन पाहावी, असं २०१७च्या शिफारशीत आहे. शिफारस सौम्य, पुरावा तुटपुंजा, हे तिथेच कंसात लिहिलेलं आहे. दोन वर्षांनी इंग्लंडमधून टॅब्लेट नावाची मोठी चाचणी आली. तिच्यात अशाच बायकांना गर्भ राहण्याआधीपासून ५०ची गोळी दिली, काहींना नुसती खोटी गोळी. जिवंत बाळं जन्मण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं. म्हणजे मी ज्या पानावर बोट ठेवते, ते पान या चाचणीपेक्षा जुनं आहे. कुठलीही गाइडलाइन उघडली की आधी साल बघायचं आणि मग त्या सालानंतर काय छापून आलं ते बघायचं, ही सवय त्यासाठीच.

मग गोळी का दिली? गर्भ टिकवण्यासाठी नाही. तिचा आकडा पट्ट्याच्या वरच्या टोकाला आहे. अँटिबॉडीमुळे तिची ग्रंथी गरोदरपणाचं वाढीव काम पेलेलच असं नाही. बाळाची स्वतःची ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते, तोवर सगळी भिस्त आईवर. दर चार आठवड्यांनी तपासणी झाली तर गोळीविना नुसती नजर ठेवणंही चाललं असतं, आणि तिला मी तसं सांगितलं. तिचा नवरा ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. दर महिन्याला तपासायला आणीन, असं म्हणायची त्याची तयारी नव्हती, आणि खोटं आश्वासन त्याने दिलं नाही याचं मला बरं वाटलं. २५ची गोळी देऊन नुकसान जवळजवळ शून्य. ती घेणं त्या दोघांनी पसंत केलं. चिठ्ठीवर तारखेसकट लिहिलंय: बाळंतपणानंतर गोळी बंद, सहा आठवड्यांनी टीएसएच. हे वाक्य लिहिलं नाही, की गरोदरपणातली २५ची गोळी बाई साठ वर्षांची होईपर्यंत गिळत राहते. अशा बायका मी पाहिल्या आहेत.

मंगळवार, १८ जून

निवृत्त मुख्याध्यापक, वय ७४. टीएसएच ७.२, टी-४ व्यवस्थित. तीन महिन्यांपूर्वी एका आरोग्य शिबिरात हा आकडा निघाला आणि तिथेच ५०ची गोळी सुरू झाली. तक्रार थकव्याची. गोळीने थकवा तसाच, वर रात्री छातीत धडधड.

सरांनी कागदांची फाइल क्रमवार लावून आणली होती. पहिला रिपोर्ट शिबिराचा, त्यानंतर गोळी. मधे दुसरा रिपोर्ट नाही. इथेच पहिली पायरी चुकली. टी-४ चांगला असताना टीएसएच थोडा वर दिसला, तर दोन-तीन महिन्यांनी तो पुन्हा करून बघायचा असतो. बऱ्याच जणांचा आपसूक खाली येतो. नुकता ताप येऊन गेलेला असला तरी आकडा हलतो. शिवाय वय वाढतं तशी टीएसएचची नॉर्मल मर्यादाही वर सरकते. पंचविशीतल्या माणसाचा ७ आणि पंचाहत्तरीतल्या माणसाचा ७ यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

युरोपच्या संस्थेची २०१३ची शिफारस आहे, की सत्तरी ओलांडलेल्यांत १०च्या खालचा टीएसएच असेल तर थांबा आणि लक्ष ठेवा. २०१७ मध्ये ट्रस्ट ही चाचणी आली. ६५च्या पुढची ७३७ माणसं, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी. वर्षभराने थकव्यात आणि इतर तक्रारींत फरक नाही. गरज नसताना थायरॉक्सिन जास्त झालं, तर म्हाताऱ्या माणसाच्या हृदयाचे ठोके अनियमित पडू लागतात आणि हाडं ठिसूळ होतात. हा तोटा मात्र खरा आहे.

गोळी बंद केली. पण थकवा होताच, तो थायरॉइडच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही. पापणी खाली ओढून पाहिली तर आतली कड पांढुरकी. हिमोग्लोबिन ८.९, लोह कमी. या वयात पुरुषाचं रक्त असं उतरलं तर ते पोटातून कुठे जातंय का हे शोधावं लागतं. दुर्बिणीच्या तपासणीसाठी चिठ्ठी दिली. सर म्हणाले, “म्हणजे तीन महिने आम्ही चुकीचा धडा गिरवत होतो.”

शनिवार, २२ जून

फिजिशियन मंडळींची मासिक बैठक. या वेळी थायरॉइड माझ्याकडे. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी सुरुवातीलाच ठणकावलं, “या सगळ्या परदेशी पोथ्या. आपला पेशंट वेगळा.” एका तरुण डॉक्टरचं म्हणणं नेमकं उलट: “मॅडम, गाइडलाइनमध्ये आहे ते केलं म्हणजे उद्या कोर्टात प्रश्न नको.”

दोघंही गाइडलाइन एकाच पद्धतीने वाचतायत, हुकूमनामा म्हणून. एकाला तो मोडायचाय, दुसऱ्याला त्याआड लपायचंय. मी पडद्यावर अमेरिकन संस्थेची २०१६ची, थायरॉइड जास्त चालण्यावरची गाइडलाइन लावली. तिच्यात १२४ शिफारशी आहेत. प्रत्येकीपुढे दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: शिफारस ठाम की सौम्य, आणि पुरावा भक्कम, मध्यम की कमकुवत. घाईत वाचणारा नेमका हा भाग वगळतो.

मग एक उदाहरण दिलं. कार्बिमाझोल हे थायरॉइड आवरणारं औषध चालू असलेल्याला ताप आला किंवा घसा दुखला, तर तत्काळ रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजा. शिफारस ठाम, पुरावा मात्र कमकुवत. तरुण डॉक्टरला हे विचित्र वाटलं. या औषधाने हजारात दोन-तीन जणांच्या पांढऱ्या पेशी एकदम कोसळतात. निम्म्या लोकांची पेशी-तपासणी करायची आणि निम्म्यांना तसंच सोडून बघायचं, अशी चाचणी कुणी करणार नाही, करूही नये. म्हणून पुरावा कागदोपत्री दुबळा राहतो, पण चूक झाली तर माणूस जातो, म्हणून शिफारस ठाम. ‘ठाम’ दिसलं की बहुतेक पेशंटांसाठी तेच करायचं. ‘सौम्य’ दिसलं की पेशंटला बसवून विचारायचं. आमच्या विषयातलं निम्मं कौशल्य या दोन शब्दांत फरक करण्यात जातं.

ज्येष्ठ डॉक्टरांशी मी एका बाबतीत सहमत झाले. आपला पेशंट वेगळा आहे, तर त्याचं मापही आपण काढायला हवं. २०१३ मध्ये आठ शहरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मुंबई आणि गोवाही होते. मोठ्या माणसांत साधारण दहातल्या एकाला थायरॉइड कमी असल्याचं निघालं, आणि त्याशिवाय आणखी बरेच जण नुसत्या टीएसएचने थोडे वर, टी-४ ठीक, या गटातले. शिबिरं भरवली की हीच माणसं गोळ्यांच्या रांगेत उभी राहतात.

मंगळवार, २ जुलै

आजची बाई अक्कलकोट तालुक्यातली, वय ३८. सोबत भाऊ. चार दवाखान्यांचे कागद पिशवीत. अशक्तपणा, चक्कर, थंडी सोसत नाही, तीन वेळा सलाइन. एका कागदावर गोल करून लिहिलेलं: ‘टीएसएच २.१, थायरॉइड नॉर्मल’.

आत आली तेव्हाच चेहरा डोळ्यांत भरला. फिका, मेणासारखा, डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्यांचं जाळं, भुवयांची बाहेरची टोकं विरळ. आवाज घोगरा आणि संथ. रक्तदाब ९०/६०. तिला खुर्चीवर गुडघे टेकून, पाठ माझ्याकडे करून बसवलं, पावलं मोकळी लोंबती. टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली. पाऊल खाली गेलं आणि परत यायला इतका वेळ लागला, की शेजारी उभ्या इंटर्नलाही तो दिसला. काखेत केस नाहीत.

मग विचारलं, “शेवटचं बाळंतपण कधी?” नऊ वर्षांपूर्वी, घरी. फार रक्त गेलं, मग जीपमधून सोलापूरला आणून दोन बाटल्या रक्त चढवलं. “दूध आलं होतं?” “न्हाई. वरचंच पाजलं.” “पाळी?” “त्या दिसापासनं आलीच न्हाई.” घरच्यांनी समजून घेतलं, की पाळी लवकर गेली.

गरोदरपणात मेंदूच्या तळाची पिट्युइटरी ग्रंथी फुगते. बाळंतपणात फार रक्त गेलं, तर तिचा रक्तपुरवठा तुटून ती करपते. ब्रिटिश पॅथॉलॉजिस्ट हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये हे मांडलं, म्हणून या आजाराला त्यांचं नाव. जिथे दवाखान्यात बाळंत होणं सर्रास झालं, तिथे हा आजार आता क्वचितच दिसतो. आमच्याकडे दिसतो.

टीएसएच पिट्युइटरीच तयार करते. ग्रंथीच करपली, तर थायरॉइड तळाला जाऊनही तो वर चढत नाही. म्हणून हिच्यासाठी २.१ हा आकडा निरुपयोगी. टी-४ मागवला: ०.५. सकाळचं कॉर्टिसॉल १.८. सोडियम १२२.

अशा वेळी थायरॉक्सिन लिहायची घाई जिवावर बेतते. त्याने शरीराचा वेग वाढतो, उरलंसुरलं कॉर्टिसॉल लवकर संपतं आणि पेशंट कोसळतो. एंडोक्राइन सोसायटीची २०१६ची शिफारस इथे जराही सैल नाही: आधी कॉर्टिसॉलची भरपाई, मग थायरॉइड. तिला वॉर्डात ठेवलं आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन सुरू केलं.

सोमवार, ८ जुलै

अक्कलकोटची बाई आज घरी गेली. सोडियम १३४. तिसऱ्या दिवशी जेवण मागितलं, काल वहिनीवर रागावली. भावाच्या मते ही फार मोठी सुधारणा.

घरी द्यायच्या औषधावर अडलो. पुस्तकात हायड्रोकॉर्टिसोन, रोज १५ ते २० मिलिग्रॅम, दोन-तीन वेळा विभागून. भावाने गावातल्या मेडिकलवाल्याला फोन लावला. ते नाव त्याने ऐकलेलं नव्हतं. सोलापुरातून दर महिन्याला कोण आणणार? आणि दुपारी शेतात असताना दुसरी गोळी आठवणीने घ्यायची कुणी? प्रेडनिसोलोन कुठेही मिळतं, दिवसातून एकदा पुरतं. दुसरा पर्याय म्हणून ३ ते ५ मिलिग्रॅमची मुभा गाइडलाइनमध्येच आहे. ५ मिलिग्रॅम लिहिलं. जे औषध दुसऱ्या महिन्यात संपून बंद पडेल, ते कितीही शास्त्रशुद्ध असलं तरी हिच्या कामाचं नाही. थायरॉक्सिन आजपासून, थोडक्या डोसने.

भावाकडून तीन गोष्टी तोंडपाठ म्हणवून घेतल्या: ताप आला की प्रेडनिसोलोन दुप्पट; उलट्या होऊन गोळी ठरत नसेल तर वाट न बघता दवाखान्यात इंजेक्शन; गोळी एकही दिवस चुकवायची नाही. तेच एका कार्डावर लिहून दिलं, मराठीत आणि कन्नडमध्ये, कारण ती आजारी पडली तर जवळचा दवाखाना हद्दीपलीकडे आहे. कार्डावर तांबड्या अक्षरांत एक ओळ डॉक्टरांसाठी: ‘हिचा टीएसएच बघू नका, टी-४ बघा.’

शुक्रवार, १२ जुलै

पालख्या जिल्ह्यात आल्या आहेत. ओपीडी अर्धी. एक आजी वारीला निघालेल्या, १००ची गोळी कित्येक वर्षं. पहाटे चार वाजता चालायला लागायचं, चहा आधी की गोळी आधी हा त्यांचा प्रश्न. गोळी रात्री झोपताना घ्यायला सांगितली, जेवणानंतर तीन तास होऊन गेले की. शिफारशीत दोन्ही वेळा मान्य आहेत. अट एवढीच, की पोट रिकामं हवं.

त्यानंतर पुण्याहून सुट्टीवर आलेली आयटीतली मुलगी. टीएसएच ०.०५, टी-४ वाढलेला. कागदावर बघितलं तर थायरॉइड भरधाव चाललंय. कार्बिमाझोल लिहूनही दिलेलं होतं, आईने ते सुरू करू दिलं नाही. समोर बसलेल्या मुलीची नाडी ७२, हात कोरडे, पुढे धरलेल्या बोटांवर कागद ठेवला तर हलला नाही, आणि वजन दोन किलो वाढलेलं. रिपोर्ट आणि माणूस यांचा मेळ बसेना.

“केसांसाठी काही घेतेस?” पर्समधून डबी निघाली. बायोटिन, १० मिलिग्रॅम, रोज. काही यंत्रांची पद्धतच बायोटिनवर चालते. रक्तात ते फार झालं, की टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो. लॅबला फोन करून पद्धत विचारली, तीच निघाली. बायोटिन बंद करायला सांगितलं. किमान दोन दिवस सोडून तपासायचं असतं, मी आठवडा दिला.

शनिवारी, २० जुलैला, रिपोर्ट आला तो इथेच जोडते: टीएसएच २.३, टी-४ नॉर्मल.

सोमवार, ५ ऑगस्ट

पहिला श्रावणी सोमवार. अर्ध्या बायका उपाशी आलेल्या, रक्त द्यायला सोयीचं.

एकीची गोळी ७५ वरून १०० वर, मग १२५, मग १५० वर गेली होती. वजन ५४ किलो. किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम हा साधारण हिशोब, म्हणजे ८५-९० पुरायला हवेत. टीएसएच तरी १८. प्रत्येक वेळी कुणीतरी डोस वाढवला आणि पुढच्या वेळी बघू म्हटलं. गाइडलाइन सांगते, डोस वाढवण्याआधी गोळी पोटात जाते कशी ते विचारा. मी बाटली मागितली. गोळी चहाबरोबर, लगेच लोहाची गोळी, तिच्यामागून कॅल्शियम. “सगळ्या एकदम घेतल्या की विसरायला होत नाही.” लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात. त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. लोह-कॅल्शियम जेवणाच्या वेळी ढकललं, गोळी पहाटे साध्या पाण्याबरोबर, डोस १०० वर आणला. सहा आठवड्यांनी टीएसएच, त्याआधी नाही. थायरॉक्सिन सावकाश मुरतं, निम्मं व्हायला त्याला आठवडा लागतो. आधी तपासलं तर आकडा फसवतो.

जाताना तिने विचारलं, श्रावणभर सैंधव मीठच खाल्लं तर चालेल का. गोळी चालू असलेल्या तिला फारसा फरक पडत नाही. घरातल्या गरोदर सुनेला मात्र आयोडीनचं मीठच द्या, म्हटलं. तिला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, आणि सैंधवात सहसा आयोडीन घातलेलं नसतं.

सोमवार, १९ ऑगस्ट

राखी पौर्णिमा. माहेरी आलेली बाळंतीण, बाळ तीन महिन्यांचं. धडधड, घाम, हात थरथरतात, सहा किलो वजन उतरलं. नाडी ११०. टीएसएच जवळजवळ शून्य. बायोटिन नाही, ते आता आधीच विचारते.

इथे दोन आजार एकसारखे दिसतात. ग्रेव्हज असेल, तर ग्रंथी जास्त हॉर्मोन बनवते आणि कार्बिमाझोल लागतं. बाळंतपणानंतरची थायरॉइडची सूज असेल, तर ग्रंथी फुटून साठलेलं हॉर्मोन बाहेर सांडतं. बनवणं आधीच थांबलेलं असतं, तिथे कार्बिमाझोल म्हणजे फुकटचा धोका. स्कॅनने फरक कळतो, पण अंगावर पिणारं बाळ आहे आणि स्कॅनसाठी काही काळ दूध थांबवावं लागतं. म्हणून ग्रेव्हज ओळखणारी ट्रॅब अँटिबॉडी मागवली. डोळे बाहेर आलेले नाहीत, गळ्याला हात लावला तर ग्रंथी किंचित मोठी, दुखत नाही. ट्रॅब निगेटिव्ह आली. सूजच. प्रोप्रानोलोल थोडे आठवडे, मग काही नाही.

आईला अवघड वाटलं ते पुढचं: काही महिन्यांनी हिचं थायरॉइड उलट कमी होऊ शकतं, तेव्हा दर सहा आठवड्यांनी टीएसएच. “आज जास्त, मग कमी?” होय. आणि बहुतेकींचं त्यानंतर आपोआप ताळ्यावर येतं. काहींचं कायमचं कमी राहतं. कोण कुठल्या गटात जाईल, हे आज सांगता येत नाही.

गुरुवार, ५ सप्टेंबर

उद्या हरतालिका. दिवसभर एकच प्रश्न: निर्जळी उपास आहे, गोळी पाण्याबरोबर घेतली तर मोडतो का? उपास मोडतो की नाही हे मी सांगत नाही. एक दिवस गोळी राहिली तर शरीराला फरक कळत नाही, परवा राहिलेली घ्या, एवढं सांगते. प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांना मात्र ही सूट नाही. अक्कलकोटच्या भावाला मुद्दाम फोन केला. तो म्हणाला, “तिला सांगितलंय, तुझा देव त्या गोळीत हाय.”

संध्याकाळी नळदुर्गवरून फोन. जुनी पेशंट, १००ची गोळी, लग्नाला दोन वर्षं. पाळी चुकली, घरच्या पट्टीवर दोन रेषा. तिला हे आधीच शिकवून ठेवलेलं: त्याच दिवसापासून आठवड्याला दोन गोळ्या जादा. रविवार आणि गुरुवार दोन-दोन. गरोदरपणात गरज पंचवीस-तीस टक्क्यांनी वाढते, आणि ती पहिल्या आठवड्यांतच वाढते. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत थांबलं तर उशीर होतो. आज गुरुवारच आहे. टीएसएच चार आठवड्यांनी, निम्मं गरोदरपण होईपर्यंत दर चार आठवड्यांनी, मग तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा.

बार्शीच्या त्या पहिल्या मुलीचाही रिपोर्ट आला. टीएसएच २.२. गोळी लागली नाही. सासूबाई फोनवर म्हणाल्या, “बरं झालं म्याडम.”

गुरुवार, २६ सप्टेंबर

ओपीडीबाहेर लावायला कागद लिहून दिला. छापून येईल तसा इथे उतरवते.

गोळीची बाटली आणि घरात घेत असलेली प्रत्येक गोळी, पावडर, डबी सोबत आणा, केसांची आणि ताकदीचीसुद्धा. ताप, खोकला अंगावर असताना टीएसएच करू नका. सकाळी रक्त देईपर्यंत गोळी घेऊ नका. दर वेळी शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा. कार्बिमाझोल घेत असाल आणि ताप आला किंवा घसा दुखला, तर औषध थांबवून त्याच दिवशी रक्त तपासा. दिवस गेल्याचं कळलं की त्याच दिवशी फोन करा. बाळंतपणात फार रक्त गेलं असेल, दूध आलं नसेल किंवा पाळी परत आली नसेल, तर कुणी विचारलं नाही तरी सांगा.

शेवटची ओळ मोठ्या अक्षरांत घ्यायला सांगितली आहे: एका रिपोर्टवरून थायरॉइडची गोळी स्वतःहून सुरू करू नका, आणि चालू असलेली स्वतःहून बंद करू नका.